घरच्या वर्कशॉपसाठी लोखंडी टेबल: पाइप आणण्यापासून रंगापर्यंत

वेल्डिंग शिकायचं ठरवलं की माणूस आधी मशीन घेतो. मग पाचपन्नास व्हिडिओ बघतो, चार रॉड जाळतो आणि त्यानंतर प्रश्न पडतो, आता बनवायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: कामाचं टेबल. पुढचं प्रत्येक काम त्याच टेबलावर होणार असतं. मोजमाप, कापणी, गुण्यात (काटकोनात) बसवणं, टाके, पक्कं वेल्डिंग, घासणं, रंग असं घरच्या फॅब्रिकेशनला लागणारं सगळं त्यात येतं. आणि एखादा सांधा कच्चा राहिलाच तर टेबल डुगडुगेल, कुणाच्या डोक्यावर पडणार नाही. झोपाळ्याच्या कड्या, गॅलरीचं रेलिंग, जिना, टाकीचा मचाण ही कामं पहिल्या वर्षी करूच नका. तिथे सांधा तुटला तर माणूस पडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. फॅब्रिकेशनमध्ये प्रत्यक्ष वेल्डिंगचा वाटा लोकांना वाटतो त्याहून खूप कमी असतो. पाइप सरळ कापला असेल, फट नसेल आणि चौकट गुण्यात असेल, तर नवशिक्याचंही वेल्डिंग टिकतं. कापणीच तिरकी असेल तर मुरलेला वेल्डरही ती फट रॉडने भरत बसतो आणि पाइपला भोक पाडतो. म्हणून या लेखात मशीनपेक्षा टेप आणि गुण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

आराखडा आणि कटिंगची यादी

आपण बनवणार आहोत ते टेबल उभ्याने काम करायचं आहे. चौकट १२०० × ६०० मिमी, उंची साधारण ८५० मिमी. पाइप ४० × ४० मिमी चौकोनी, २ मिमी जाडीचा. वर ६ मिमी जाडीची प्लेट, चौकटीच्या चारही बाजूंनी २५ मिमी बाहेर आलेली, म्हणजे कडेला क्लॅम्प लावता येतो. ही बाहेर काढलेली कड विसरू नका. तिच्याविना टेबल अर्धंच कामाचं.

कोपरे ४५ अंशात कापायची हौस पहिल्या कामात नको. लांब पाइप पूर्ण ठेवा आणि आखूड पाइप त्यांच्यामध्ये बसवा. ६०० मिमी रुंदीतून दोन पाइपांचे ८० मिमी वजा केले की आडवे तुकडे ५२० मिमीचे होतात. यादी अशी:

- चौकटीचे लांब पाइप: १२०० मिमी, २ नग
- चौकटीचे आडवे, मधल्या आधारासकट: ५२० मिमी, ३ नग
- पाय: ८०० मिमी, ४ नग
- पायांमधले बाजूचे आडवे: ५२० मिमी, २ नग
- मागचा आडवा: ११२० मिमी, १ नग

बेरीज ९३२० मिमी. बाजारात पाइप ६ मीटरचा येतो, म्हणजे दोन पाइप पुरे. पहिल्यातून दोन १२०० चे आणि चार ८०० चे तुकडे काढा, दुसऱ्यातून पाच ५२० चे आणि एक ११२० चा. डिस्कने गेलेला माल धरूनही दुसऱ्या पाइपातून सव्वादोन मीटरचा तुकडा उरतो. तो टाकू नका, सरावाला लागणार आहे.

याशिवाय १२५० × ६५० मिमीची ६ मिमी प्लेट, पायांखाली ५० × ५० × ५ मिमीचे चार तुकडे, आणि एम १२ चे चार नट-बोल्ट. प्लेटचं वजन ३८ किलो आणि पाइपाचं २१-२२ किलो, म्हणजे टेबल साठ किलोच्या घरात जातं. उचलायला दुसरा माणूस लागेल हे आधीच धरून चाला.

दुकानात गेल्यावर

मुंबईत दारूखाना, नवी मुंबईत कळंबोली, कोल्हापुरात उद्यमनगर ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण दोन पाइपांसाठी तिथवर जायची गरज नाही. तालुक्याच्या गावात जिथे फॅब्रिकेटर माल भरतात ते दुकान गाठा.

दुकानदार जाडी गेजमध्ये सांगतो, पट्टी सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढोबळ ३ मिमी. 'दोन सुताची प्लेट' म्हणजे आपली ६ मिमीची. १४ गेज म्हणजे २ मिमी, १६ गेज म्हणजे १.६, १८ गेज म्हणजे १.२. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. १८ गेजचा पाइप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, नवशिक्याच्या हाताने त्याला चाळणीसारखी भोकं पडतात. जाडी तोंडी विचारून थांबू नका, व्हर्नियर खिशात घेऊन जा आणि पाइपाच्या कापलेल्या तोंडाशी मोजा. १.६ चा पाइप २ मिमीच्या नावाने मिळणं काही नवलाचं नाही. माल बहुधा किलोवर असतो, त्यामुळे वजनावरूनही अंदाज येतो: ४० × ४० × २ चा सहा मीटरचा पाइप १४ किलोच्या आसपास भरायला हवा.

पाइप जमिनीवर ठेवून एका टोकाला डोळा लावून बघा. बाक किंवा पीळ दिसला तर दुसरा मागा. प्लेटवरही एक सरळ पाइप आडवा ठेवा, खालून उजेड दिसत असेल तर ती प्लेट परत. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा चकचकीत मुलामा असलेला पाइप घेऊ नका. काळा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा (माइल्ड स्टील) पाइपच घ्या. कारण पुढे येईल.

बऱ्याच दुकानांत पाइप कापून देतात, दर कटिंगमागे थोडे पैसे घेतात. चांगली सोय आहे. फक्त तुकडे घेताना तिथल्या तिथे मोजा आणि चारही पाय एकमेकांशेजारी उभे करून बघा.

मशीन, रॉड आणि वीज

घरगुती कामाला सिंगल फेजचं इन्व्हर्टर आर्क मशीन पुरतं. डब्यावर २०० अँपिअर लिहिलेलं असो की २५०, आपलं काम ९० च्या खालीच होणार आहे. मोठ्या आकड्यापेक्षा ड्यूटी सायकल बघा. ६० टक्के म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांतली सहा मिनिटं मशीन सलग चालेल, चार मिनिटं थंड होईल. कमी करंटवर हा वेळ वाढतो. मशीनबरोबर येणारी केबल आणि अर्थिंगचा क्लॅम्प (कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) बहुतेक वेळा कामचलाऊ असतो. पितळी किंवा जाड क्लॅम्प लावून घ्या, आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यातली ठिणगी) सारखा तुटण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

रॉड ६०१३ प्रकारचा, २.५ मिमी जाडीचा. पाकिटावर भारतीय मानक आयएस ८१४ चा उल्लेख आहे का बघा. हा रॉड सहज पेटतो, होल्डर (रॉड पकडायची मूठ) मशीनच्या धन टोकाला लावा की ऋण, दोन्हीकडे चालतो आणि वेल्डिंगवर जमणारी खपली सहज सुटते. पातळ पाइपासाठी होल्डर ऋण टोकाला लावा, वितळण थोडी कमी खोल जाते आणि भोक पडण्याची भीती घटते. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात एका आठवड्यात रॉड ओल धरतो, मग आर्क फडफडतो आणि वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं पडतात. असे रॉड १०० अंशाला तासभर भाजून घेता येतात, पण स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही.

८० अँपिअरवर वेल्डिंग चालू असताना मशीन साधारण १२ ते १५ अँपिअर ओढतं. त्यामुळे मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटवर हे चालणार नाही. १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवं. हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. एक्स्टेंशन लागलीच तर निदान २.५ चौरस मिमी तारेची, आणि रीळवरून पूर्ण सोडून. गुंडाळलेली तार तापते आणि आवरण वितळतं. गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मशीन बीप करून बंद होतं किंवा रॉड नुसता चिकटत राहतो. दोष तुमच्या हाताचा नाही. सकाळी काम करा.

डोळे, कपडे, धूर, आग

रस्त्याकडेला काळा गॉगल लावून, पायात चप्पल घालून वेल्डिंग करणारे कारागीर आपण रोज बघतो. ते करतात म्हणून चालतं असं समजू नका. त्यांच्या डोळ्यांची आणि पायांची अवस्था त्यांनाच विचारा.

आपोआप गडद होणारं हेल्मेट घ्या. ६० ते १०० अँपिअरसाठी काचेची छटा १० ठेवा. आर्क नुसता एकदोनदा डोळ्यांवर गेला तरी चार ते बारा तासांनी, म्हणजे नेमका मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी असले उपाय करत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. सगळ्यात जास्त त्रास होतो तो बघ्यांना, विशेषतः लहान मुलांना. अंगणात काम करत असाल तर रस्त्याच्या बाजूने जुना पत्रा आडवा लावा.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पँटला दुमड नको, तिच्यात ठिणगी जाऊन बसते. कातडी बूट, कातडी हातमोजे. घामाने भिजलेले मोजे बदला: होल्डरच्या टोकाला आर्क नसताना ६० ते ८० व्होल्ट असतात आणि ओल्या हाताला, ओल्या फरशीवर ते धोक्याचे ठरतात.

धुराबद्दल. जीआय पाइपावर वेल्डिंग केलं की जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, एकदोन दिवसांत उतरतो. 'दूध प्यायलं की बाधत नाही', 'गूळ खाल्ला की धूर उतरतो' असं शॉपमध्ये हमखास ऐकायला मिळतं. दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात. जीआयवर काम करावंच लागलं तर सांध्याच्या आजूबाजूचा मुलामा मास्क लावून घासून काढा आणि मोकळ्या हवेत वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असे बसा. क्लोरीन असलेल्या क्लीनरने पुसलेल्या धातूवर तर आर्क लावूच नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

पेट्रोल-डिझेल-ऑइलचं पिंप, कितीही धुतलेलं असो, त्याला वेल्डिंग लावायचं नाही. यावर चर्चा नाही.

आसपास भुसा, रद्दी, थिनर, गॅस सिलिंडर नको. वाळूची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावर लगेच दार लावून जेवायला जाऊ नका, अर्धा तास तिथेच रेंगाळा. कोपऱ्यातल्या पोत्यात शिरलेली ठिणगी इतक्या वेळाने पेट घेते. आणि ग्राइंडरच्या ठिणग्या खिडकीच्या काचेवर किंवा गाडीवर जाऊ देऊ नका. लोखंडाचे ते तापलेले कण काचेत रुतून बसतात, नंतर पुसून निघत नाहीत.

आधी पट्टीवर हात बसवा

टेबलाला हात लावण्याआधी भंगारातून ५ मिमी जाडीच्या पट्टीचे तुकडे आणा. वायर ब्रशने चकचकीत करा, करंट ८० वर ठेवा.

रॉडचं टोक पट्टीवर हलकं घासायचं आणि पेटताक्षणी किंचित वर घ्यायचं. फार वर घेतलं की विझतो, खाली ठेवलं की चिकटतो. चिकटला तर होल्डर झटक्यात वाकडा करून सोडवा, नाहीतर होल्डरच मोकळा करा. रॉड आणि पट्टीमधलं अंतर रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिमी. रॉड जळून आखूड होत जातो, त्यामुळे हात पुढे सरकता सरकता खालीही येत राहिला पाहिजे. नवशिक्याला हेच जमत नाही. रॉड ज्या दिशेने जायचं त्या दिशेला १०-१५ अंश कललेला, म्हणजे टोक मागे राहिलेल्या रसाकडे (वितळलेल्या लोखंडाकडे). अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. फटफट, थुंकल्यासारखा आवाज आला तर आर्क लांब झालाय.

आता डोळ्यांचं काम. हेल्मेटच्या काचेतून सगळे लखलखत्या ठिणगीकडेच बघतात. तिच्याकडे नाही, तिच्या मागच्या रसाकडे बघायचं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, पाण्यासारखा पातळ, चकाकणारा, कडा स्वच्छ असलेला थेंब: हे वितळलेलं लोखंड. दुसरी, त्याच्यामागून येणारी जास्त लालसर, दाट साय: ही खपली. खपली नेहमी लोखंडाच्या मागे राहिली पाहिजे. ती पुढे आली की समजा तुम्ही फार सावकाश जाताय, करंट कमी आहे किंवा रॉडचा कोन चुकलाय. पुढे आलेल्या खपलीवरून वेल्डिंग गेलं की ती आतच कोंडली जाते, बाहेरून छान दिसतं आणि हातोडीच्या एका घावात सांधा उघडतो. लोखंड आणि खपली यांच्यातला हा फरक एकदा डोळ्यांनी पकडला की वेल्डिंग जमायला लागलं असं समजा.

खात्री करून घ्यायची सोपी पद्धत आहे. दोन पट्ट्या टी आकारात उभ्या धरून फक्त एका बाजूने वेल्ड करा, थंड झाल्यावर व्हाइसमध्ये पकडून उभी पट्टी वेल्डिंगच्या अंगावर हातोडीने पाडा. पट्टी वाकली आणि वेल्डिंग टिकलं तर पुढे जा. वेल्डिंग पट्टीवरून सालासारखं सुटून आलं, तर ते फक्त वर बसलं होतं. करंट थोडा वाढवा.

मग उरलेल्या पाइपाचे छोटे तुकडे घेऊन तेच करा, पण करंट ५५ ते ७० मध्ये. २ मिमीचा पाइप पट्टीसारखा उष्णता पचवत नाही. रस खोल जाऊन लाल व्हायला लागला की थांबा, रंग उतरू द्या, पुन्हा पुढे. १०-१५ मिमीच्या टप्प्यांत जा.

कापणी

गुण्या लावून पाइपाच्या चारही बाजूंवर रेघ ओढा. रेघ फिरून पहिल्या रेघेला मिळाली तरच ती सरळ आहे. डिस्कची जाडी एक-सव्वा मिमी असते, म्हणून रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरच्या अंगाने कापा. एका झटक्यात आरपार जाऊ नका. आधी चारही बाजूंवर रेघेलगत उथळ चर पाडा, मग एकेक बाजू खोल करा. कट सरळ येतो.

चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून फेकायची आपल्याकडे पद्धतच आहे. ती मोडा. डिस्क फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो आणि तो थांबवायला फक्त ते गार्ड असतं. दोन्ही हातांनी धरा, डिस्कच्या रेषेत तोंड किंवा पोट नको, वर फेस शील्ड. कापायच्या पातळ डिस्कने बाजूने घासायचं नाही. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती बघूनच घ्या. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीच लावू नका. पाइप असा टेकवा की कापत गेल्यावर फट उघडेल, मिटणार नाही. फट मिटली की डिस्क अडकते आणि मशीन उसळतं.

कापल्यावर आतल्या-बाहेरच्या बारीक धारा कानशीने काढा. पाय चारही एका सपाट जागी उभे करून हात फिरवा. एखादा मिमीभर उंच असेल तर आत्ताच घासा. सांध्याजवळचं एक इंच तेल, गंज आणि काळी पापुद्री काढून लोखंड पांढरं करा.

चौकट: फक्त टाके

इथे घाई करायची नाही. आपली शहाबादी फरशी किंवा कोबा सपाट दिसतो, असतोच असं नाही. दोन सरळ पाइप जमिनीवर समांतर ठेवा, खाली पत्र्याचे तुकडे सारून पाणसळीने लेव्हल करा आणि त्यावर चौकट मांडा. प्लायवर मांडली तर वेल्डिंगखाली जळते.

सांध्यात फट एक मिमीपेक्षा कमी. टाका म्हणजे पाच-सहा मिमीचा छोटा ठिपका, चौकट धरून ठेवण्यापुरता. वरच्या तोंडावर, जिथे प्लेट बसणार आहे, तिथे टाका मारू नका. आतल्या कोपऱ्यात मारा. चारही कोपऱ्यांना एकेक टाका झाला की लगेच कर्ण मोजा. १२०० × ६०० च्या चौकटीचा कर्ण १३४१.६ मिमी येतो. टेपवर तो आकडा शोधण्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आहेत का हे जास्त महत्त्वाचं. दोन मिमीपर्यंतचा फरक चालेल. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोका. एका टाक्यावर चौकट सहज हलते, चार टाक्यांवर हलत नाही. म्हणूनच आधी एक.

कर्ण जुळले की प्रत्येक कोपऱ्याला दुसरा टाका, पहिल्याच्या समोरच्या बाजूला. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि पाइपाला आपल्याकडे ओढतं. समोरचा टाका तो ओढा परत फेडतो. पुन्हा कर्ण मोजा. मधला आधार ६०० मिमीवर बसवा.

वेल्डिंग मॅग्नेट वापरत असाल तर टाका मारताना तो सांध्यापासून थोडा लांब ठेवा. डीसी आर्क चुंबकाजवळ वाकतो, रस भलतीकडे उडतो, आणि नवशिका करंट वाढवत बसतो.

पाय आणि आडवे

पायांच्या खालच्या तुकड्यांचं काम आधी उरकून घ्या. ५० × ५० च्या प्लेटला मधोमध १३ मिमीचं भोक, वर एम १२ चा नट वेल्ड. नटमध्ये बोल्ट फिरवून ठेवा म्हणजे तो भोकाशी सरळ राहतो, आणि वेल्डिंग गरम असतानाच बोल्ट काढा. नट जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर कडा घासून घ्या. बोल्ट खालून चढवला की टेबलाचा पाय वर-खाली होतो. आपल्या फरशा बघता ही सोय शौकाची नाही.

चौकट उलटी करा, प्लेटची बाजू खाली. पाय कोपऱ्यावर बरोबर कडेला लावून उभा करा. पाणसळ इथे वापरू नका, चौकट लेव्हलमध्ये असेलच असं नाही. गुण्या वापरा, दोन्ही दिशांनी. एक टाका, तपासा, हाताने किंचित ओढून सरळ करा, समोर दुसरा टाका. चारही पाय झाले की त्यांच्या मोकळ्या टोकांमधलं बाहेरून बाहेरचं अंतर मोजा: लांबीत १२००, रुंदीत ६००. इथलेही कर्ण घ्या. पायाच्या बुडाशी तीन मिमीचा फरक चालतो, दहाचा नाही.

आडवे पाइप जमिनीपासून १५० मिमीवर येतील. प्रत्येक वेळी टेप लावण्यापेक्षा उरलेल्या पाइपाचा १५० मिमीचा तुकडा कापा, पायाच्या टोकाला लावून धरा आणि आडवा त्यावर टेकवा. चारही ठिकाणी माप आपोआप एकच येतं. आधी दोन बाजूंचे ५२० चे, मग त्यांच्यामध्ये मागच्या बाजूने ११२० चा. पुढची बाजू मोकळी सोडायची, पाय घालायला जागा लागते.

पक्कं वेल्डिंग

सगळं टाक्यांवर उभं राहिलं की मगच. नियम दोन: शक्य तितके सांधे आडवे करून घ्या, आणि एका सांध्यावर सलग बसू नका.

टेबल हलकं आहे तोवर ते फिरवणं सोपं आहे. उभ्या सांध्यावर रस खाली ओघळतो, म्हणून आळस न करता टेबल कुशीवर टाका. एका कोपऱ्याची एक बाजू, मग तिरक्या समोरच्या कोपऱ्याची एक बाजू, असं फिरत राहा. एकाच पायाच्या आतल्या दोन्ही बाजू ओळीने भरल्या की पाय आत झुकतो आणि मग ठोकाठोकी.

लांब पाइपाच्या उघड्या तोंडाजवळचा सांधा सगळ्यात नाजूक. तिथे कडेला आधार नसतो, ती झटकन वितळते. करंट पाच अँपिअर कमी करा, भरीव बाजूने सुरुवात करून कडेकडे जा आणि कडेच्या आधीच आर्क तोडा. चौकटीच्या खालच्या तोंडाचा सांधा बरोबर पायाच्या कडेलाच येतो, त्यामुळे तो पायाच्या वेल्डिंगबरोबर भरला जातो. तिथे तीन तुकडे एकत्र येतात, रस तिन्हींवर पसरतोय ना ते बघा.

भोक पडलंच तर त्यावर रॉड धरून बसू नका, मोठं होईल. थांबा, थंड होऊ द्या, खपली काढा, मग भोकाच्या कडेला एकेक ठिपका देत आत या. मागून तांब्याची पट्टी लावता आली तर उत्तम. तांब्याला लोखंड चिकटत नाही.

प्रत्येक टप्प्यानंतर चिपिंग हॅमरने खपली काढा. गरम खपली उडून डोळ्यात जाते, तेव्हा हेल्मेट वर केलं तरी आतला साधा चष्मा राहू द्या. नंतर वरच्या तोंडावरचे सांधे फ्लॅप डिस्कने सपाट करा. आतल्या कोपऱ्यांचं वेल्डिंग मात्र घासू नका. नवशिके दिसायला चांगलं म्हणून घासून घासून सांध्याचं मांसच काढून टाकतात. शेवटी पायांचे तुकडे बसवा आणि लांब पाइपांच्या तोंडांना प्लॅस्टिकची टोपी लावा.

वरची प्लेट

प्लेट जमिनीवर, तिच्यावर टेबल उलटं, चारही बाजूंनी २५ मिमी कड. क्लॅम्प लावा. आता मोह आवरा: सगळीकडून वेल्ड करायचं नाही. सलग वेल्ड केलं की प्लेट थंड होताना आकसते आणि टेबलाच्या माथ्याला पोक येतो, मग तो काही केल्या जात नाही. चौकटीच्या बाहेरच्या कडेने, दर २०० मिमीवर २५ मिमीचा एक टाका, तोही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. प्लेट जाड आणि पाइप पातळ, तेव्हा करंट ८० च्या आसपास आणि आर्कचा रोख प्लेटवर जास्त ठेवा. मध्ये हात लावून बघण्याइतकी प्लेट निवू द्या.

सरळ केल्यावर लांब सरळ पाइप प्लेटवर आडवा-तिरपा ठेवून उजेड बघा. एखाद मिमीचा फरक या कामाला पुरेसा आहे.

रंग

ठिणग्यांचे चिकटलेले दाणे छिन्नीने काढा, वायर ब्रश मारा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि नंतर हाताने स्पर्श न करता रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या. वेल्डिंगच्या कोपऱ्यांत ब्रशने दाबून भरा, गंज तिथूनच सुरू होतो. तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. समुद्रकाठच्या घरात रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर घ्या, खाऱ्या हवेत साधा रंग वर्षभरात फुगतो. पावसाळी दमट दिवशी रंगकाम टाळा. थिनरचे बोळे वर्कशॉपमध्ये साठवू नका, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत जवळ वेल्डिंग नको.

वरची प्लेट रंगवायची नाही. अर्थिंगचा क्लॅम्प तिलाच लावायचा आहे. रंगावर संपर्क होत नाही आणि रंग जळून धूर होतो तो वेगळा. घासून स्वच्छ करा आणि जुन्या इंजिन ऑइलऐवजी ताजं मशीन ऑइल पातळ फडक्याने फिरवा. वेल्डिंगला बसण्याआधी ते कोरडं पुसून घ्या. महिन्याभराने तपकिरी डाग दिसायला लागले तर पुन्हा एकदा ब्रश आणि तेल.

सरावातून जो पाइप उरेल त्यातून मागच्या आडव्यावर ग्राइंडर टांगायची कडी आणि रॉडचे डबे ठेवायचा कप्पा निघतो. व्हाइस मात्र प्लेटच्या मधोमध बसवू नका. पायाच्या वरच्या कोपऱ्यात, भोक पाडून बोल्टने बसवा, म्हणजे हातोडीचा मार थेट पायातून जमिनीत जातो आणि गरज पडेल तेव्हा सोडवून टेबल मोकळं करता येतं.